गिरणीतील पाणी आणि त्यातील रेणू

ना. म. जोशी मार्ग हे अधिकृत नाव मिळून अनेक दशके लोटली तरी मुंबईच्या लोअर परळ, करी रोड भागातील जुने रहिवासी ज्याला आजही डिलाईल रोड म्हणतात, त्या रस्त्यावर आणि त्याच्या आजूबाजूला एकेकाळी कापडाच्या गिरण्या दाटीने उभ्या होत्या. अपोलो, मफतलाल, सीताराम ही त्यांतील काही नावे. या गिरणगावात पाणी जितक्या निरनिराळ्या तापमानांना राबवले जाई तितके ते दुसऱ्या फार थोड्या उद्योगांत राबवले गेले असेल. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, हवा दमट ठेवण्यासाठी फवारले जाणारे पाणी साधारण ३० अंश सेल्सिअसचे असे, सायझिंग खात्यात खळ ९० अंशांच्या आसपास ठेवली जाई, रंगखात्यात रंगाच्या जातीप्रमाणे ३० पासून १३० अंशांपर्यंत पाणी तापवले जाई, तर मर्सराइझिंगच्या यंत्रावर उलट कॉस्टिक सोड्याचे द्रावण १५ ते १८ अंशांपर्यंत थंड करावे लागे. तापमान बदलले की पाणी वेगळे वागते हा कामगारांच्या हाताखालचा रोजचा अनुभव होता. त्यामागे असलेला रेणूंचा व्यवहार मात्र वरवर वाटतो तितका सरळ नाही, कारण ‘तापवले की रेणू जोरात धावू लागतात’ या शालेय विधानाने त्यातील फारच थोड्या गोष्टींचा उलगडा होतो.

हे विधान खोटे नाही, पण आकडे पाहिले की त्याचे तोकडेपण दिसते. रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढते. निरपेक्ष तापमान म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअस या, जिथे उष्णतेमुळे होणारी हालचाल किमान होते त्या बिंदूपासून मोजलेले तापमान, आणि त्याचे एकक केल्विन. मुंबईतील नळाचे ३० अंशांचे पाणी या मापाने ३०३ केल्विनचे असते आणि उकळते पाणी ३७३ केल्विनचे, म्हणजे फरक अवघा २३ टक्क्यांचा. वेग ऊर्जेच्या वर्गमुळाप्रमाणे वाढत असल्यामुळे रेणूंचा वेग तर केवळ ११ टक्क्यांनी वाढतो: ३० अंशांना तो सेकंदाला सुमारे ६५० मीटर असतो आणि १०० अंशांना सुमारे ७२० मीटर. याच अंतरात पाण्याचा बाष्पदाब, म्हणजे बंद भांड्यात पाण्याशी समतोल राखून असलेल्या वाफेचा दाब, ४.२५ किलोपास्कलवरून १०१.३ किलोपास्कलवर, जवळजवळ २४ पटींनी चढतो. अकरा टक्के वेगवाढीतून चोवीसपट परिणाम कसा निघतो, हाच या प्रकरणाचा प्रश्न आहे.

उत्तराचा एक भाग रेणूंच्या आपसांतील ओढीत आहे. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनच्या एका अणूला हायड्रोजनचे दोन अणू सुमारे १०४.५ अंशांचा कोन करून जोडलेले असतात. ऑक्सिजनच्या बाजूला किंचित ऋण आणि हायड्रोजनच्या बाजूला किंचित धन विद्युतभार राहतो, त्यामुळे एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. या ओढीला हायड्रोजन बंध म्हणतात. रेणूच्या आतील बंधाच्या तुलनेत त्याची ताकद साधारण विसाव्या हिश्श्याची, पण ३० अंशांना रेणूला धक्क्याधक्क्यांतून जेवढी ऊर्जा सरासरीने मिळते तिच्यापेक्षा ती सात-आठ पटींनी अधिक असते. द्रव पाण्यात प्रत्येक रेणू असे साडेतीनच्या आसपास बंध बाळगून असतो, मात्र एकेक बंध सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या आगेमागे टिकतो, तुटतो आणि दुसऱ्या शेजाऱ्याशी पुन्हा जुळतो. पाणी तापवताना दिलेल्या उष्णतेचा बराच वाटा रेणूंना पळवण्यात खर्च न होता हे जाळे सैल करण्यात खर्च होतो, आणि म्हणूनच पाणी तापायलाही वेळ लागतो आणि निवायलाही.

उत्तराचा दुसरा भाग ‘सरासरी’ या कल्पनेच्या मर्यादेत आहे. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६० मध्ये वायूंसाठी मांडलेल्या आणि पुढे लुडविग बोल्ट्झमन यांनी व्यापक केलेल्या नियमाप्रमाणे रेणूंमध्ये ऊर्जेची वाटणी कधीच समान नसते. बहुसंख्य रेणू सरासरीच्या आसपास असतात आणि सरासरीच्या कित्येक पट ऊर्जा असलेले मूठभर त्यांच्या पलीकडे असतात. पृष्ठभाग सोडून हवेत जायचे, तर रेणूला आपले सगळे बंध एका झटक्यात तोडावे लागतात आणि ते या मूठभरांनाच जमते. तापमान थोडे वाढले की सरासरी थोडीच सरकते, पण या मूठभरांची संख्या मात्र अनेक पटींनी वाढते. निवडणुकीत सरासरी मताधिक्य दोन टक्क्यांनी हलले तरी काठावरच्या जागा घाऊक पडतात, तसा हा प्रकार आहे. बाष्पीभवन, रंग चढणे, खळ शिजणे अशा उंबरठा ओलांडून होणाऱ्या सगळ्या क्रियांमध्ये हे मूठभर रेणूच काम करतात.

शालेय पुस्तकांतून पाण्याच्या तापमानाविषयी जे आवर्जून शिकवले जाते ते ४ अंशांना त्याची घनता सर्वाधिक असण्याचे वैशिष्ट्य. ते महत्त्वाचे खरेच, परंतु मुंबईच्या हवेत कोणतेही उघडे पाणी त्या तापमानाजवळ जात नाही, आणि गिरणीच्या संदर्भात त्याला काही स्थान नाही. गिरणीला ग्रासणारा प्रश्न वेगळा होता: हवेत पाणी किती आहे?

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या मुंबईतील पहिल्या कापड गिरणीपासून पुढे या शहरात गिरण्या का वाढल्या, याची कारणे सांगताना दमट हवेचा उल्लेख हमखास येतो. बंदर, कापसाचा व्यापार आणि व्यापाऱ्यांचे भांडवल ही कारणे अधिक वजनदार होती. पण दमट हवेचे कारणही पोकळ नाही. कापसाचा तंतू सेल्युलोज नावाच्या लांब साखळीसारख्या रेणूंचा बनलेला असतो, त्या साखळ्यांवर जागोजाग पाण्याच्या रेणूशी हायड्रोजन बंध जोडू शकणारे गट असतात, आणि त्यामुळे कापूस आसपासच्या हवेतून पाणी शोषत राहतो. व्यापारात कोरड्या कापसाच्या वजनावर ८.५ टक्के ओलावा गृहीत धरला जातो. ओलावा धरलेला तंतू लवचिक आणि अधिक बळकट असतो, कोरडा तंतू ठिसूळ होतो, आणि ताण्याचा, म्हणजे कापडातील उभा, धागा तुटला की साचा थांबतो.

येथे तापमान आडवे येते. समजा पहाटेची २० अंशांची हवा पूर्ण संपृक्त आहे, म्हणजे त्या तापमानाला सामावेल तेवढी वाफ तिच्यात आहे. हीच हवा साच्यांच्या घर्षणाने आणि कामगारांच्या अंगच्या उष्णतेने ३० अंशांवर गेली, तर तिच्यातून पाण्याचा एक थेंबही कमी झालेला नसताना तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ५५ टक्क्यांवर येते, कारण ३० अंशांना बाष्पदाबाची मर्यादा २.३४ वरून ४.२५ किलोपास्कलवर सरकलेली असते. सापेक्ष आर्द्रता म्हणजे हवेतील वाफेचे, त्या तापमानाला शक्य असलेल्या कमाल वाफेशी असलेले प्रमाण. कापूस प्रतिसाद देतो तो हवेतील वाफेच्या वजनाला नव्हे तर या प्रमाणाला, कारण तंतूवर येऊन चिकटणारे आणि तंतू सोडून जाणारे रेणू यांचा हिशेब त्यावर ठरतो. म्हणून मुंबईसारख्या दमट शहरातही, विशेषतः हिवाळ्यात जमिनीवरून कोरडे वारे येतात तेव्हा, साचेखात्यात हवेत पाणी मिसळावेच लागे. सुती विणकामाला सापेक्ष आर्द्रता ७५-८० टक्क्यांच्या आसपास लागते.

सुताला मानवणारी ही हवा माणसाला मात्र मानवत नाही, आणि याचेही कारण रेणूंच्या त्याच येण्याजाण्यात आहे. घामाने अंग थंड होते ते घामातील सर्वांत ऊर्जावान रेणू निघून गेल्यामुळे. ३० अंशांच्या आसपास एक किलोग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २४३० किलोज्यूल उष्णता सोबत जाते. पण हवेतून कातडीवर परत येणारे रेणूही असतातच, आणि हवा जितकी दमट तितके ते अधिक. कातडी ३५ अंशांची आणि खात्यातील हवा ३३ अंशांची धरली, तर सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असताना घाम उडवणारा दाबातील फरक ३.१ किलोपास्कल असतो, आणि आर्द्रता ८५ टक्के असताना तो १.३ वर येतो. तापमापक दोन्ही वेळा ३३ अंशच दाखवतो, परंतु दुसऱ्या हवेत शरीराला उष्णता बाहेर टाकण्याची संधी निम्म्याहून कमी उरते. सुरुवातीच्या काळात तर दमटपणासाठी थेट वाफ खात्यात सोडली जाई. त्यामुळे आर्द्रता आणि उष्णता दोन्ही एकदम वाढत. बंद, दमट, तंतूंनी भरलेल्या हवेचा त्रास गिरणी कामगारांनी पिढ्यान्‌पिढ्या काढला. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कृत्रिम आर्द्रीकरणासाठी १५ वे कलम स्वतंत्रपणे घालण्यात आले आणि त्यासाठी वापरायचे पाणी पिण्याच्या पुरवठ्याचे किंवा नीट शुद्ध केलेले असावे, अशी अटही त्यात आली.

ताण्याचा धागा साच्यावरची घासाघीस सोसू शकावा म्हणून त्याला आधी खळ दिली जाते. मक्याचा स्टार्च पाण्यात कालवून शिजवलेली ही खळ म्हणजे तापमानाप्रमाणे रेणू कसे पालटतात, याचा कदाचित सर्वांत बोलका नमुना आहे. स्टार्चच्या सूक्ष्म कणात अमायलोज या सरळ आणि अमायलोपेक्टिन या फांद्या फुटलेल्या लांब रेणूंची घडी घातलेली असते, आणि ही घडी आपसांतील हायड्रोजन बंधांनी आवळलेली असते. थंड पाण्यात कण नुसते तरंगतात, ढवळणे थांबवले की तळाला बसतात. तापमान चढत गेले तरी बराच वेळ डोळ्यांना काहीच घडताना दिसत नाही. मग ६२ ते ७२ अंशांच्या टप्प्यात पाण्याचे रेणू घडीत शिरू लागतात, स्टार्चच्या आपसांतील बंधांची जागा स्टार्च आणि पाणी यांच्यातील बंध घेतात, कण मूळ आकाराच्या कित्येक पट फुगतात, आणि दुधासारखे पांढरट पातळ मिश्रण बघता बघता अर्धपारदर्शक आणि घट्ट होते. आणखी तापवून ढवळत राहिले की फुगलेले कण फुटतात आणि दाटपणा पुन्हा उतरतो. खळीचा कारागीर ज्या क्षणाची वाट पाहतो तो हा. धाग्याच्या पोटात थोडी शिरेल आणि बाहेर थोडी राहील इतपतच खळ पातळ हवी असते.

खळ निवू दिली तर मात्र केलेले काम उलटते. तापमान उतरताच अमायलोजच्या मोकळ्या झालेल्या साखळ्या पाण्याला सोडून पुन्हा एकमेकींना धरू लागतात, खळीला साय धरते, गाठी होतात, आणि अशी गाठ धाग्यावर बसली की पुढे साच्यावर तोच धागा तुटतो. शिळा भात ताठ आणि मोकळा होतो तोही याच प्रक्रियेने. एकदा सुटलेली मूळ घडी मात्र जशीच्या तशी परत येत नाही, त्यामुळे निवलेली खळ कच्च्या स्टार्चसारखी पुन्हा पाण्यात तळाला बसणारी भुकटी होत नाही. खळ दिलेला ताणा वाफेने तापवलेल्या मोठ्या पिंपांवरून फिरवून वाळवला जाई. एक किलोग्रॅम पाणी ३० वरून १०० अंशांवर नेण्यास सुमारे २९३ किलोज्यूल लागतात, पण तेच १०० अंशांना वाफेत बदलण्यास २२५७. हीच उष्णता पिंपाच्या आत वाफेचे पाणी होताना परत मिळते. गिरणीत उष्णता एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नेण्याचे काम गरम पाण्याऐवजी वाफेकडे असे, ते या हिशेबामुळे. १९१५ मध्ये खोपोलीहून टाटांची जलविद्युत गिरण्यांना मिळू लागली आणि वाफेची इंजिने हळूहळू मागे पडली, तरी बॉयलर आणि चिमण्या राहिल्या, त्या याच गरजेपोटी.

रंगखात्यात प्रश्न दुहेरी होतो. रंगाच्या रेणूला पाण्यातून तंतूपर्यंत आणि तंतूच्या आत जावे लागते. ढवळण्याचा हात जिथे पोहोचत नाही तिथे हा प्रवास केवळ धक्क्यांनी, दिशाहीन होतो. त्याला विसरण म्हणतात, आणि त्यात अंतर दुप्पट झाले की वेळ चौपट लागतो. स्वतः पाण्याचा रेणू २५ अंशांना एका मिलिमीटरचा शंभरावा भाग सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्यात ओलांडतो, परंतु एक सेंटिमीटर सरकायला त्याला सुमारे सहा तास लागतात. म्हणूनच कापड स्थिर द्रावणात बुडवून ठेवण्यापेक्षा जिगर यंत्रात ते एका रुळावरून दुसऱ्या रुळावर सतत फिरवत ठेवतात, जेणेकरून विसरणाकडे फक्त शेवटचे सूक्ष्म अंतर सोपवले जाते. पाणी ३० वरून ९० अंशांवर नेले की त्याची श्यानता, म्हणजे वाहण्यास होणारा आतील विरोध, सुमारे अडीचपटीने घटते आणि पाण्यातील विसरण तिप्पट होते. सेल्युलोजच्या अरुंद वाटांतून होणारे विसरण त्याहून कितीतरी अधिक वाढते. शिवाय थंड पाण्यात काही रंगांचे रेणू एकमेकांना चिकटून जुडगे करतात, आणि उष्णतेने ते सुटे होऊन तंतूत शिरण्याजोगे होतात.

परंतु गरम पाण्यात रंग लवकर चढत असला तरी तो अधिक चढतो असे नाही. रंगाचा रेणू तंतूला चिकटताना उष्णता बाहेर पडते. अशा क्रियेला तापमान वाढवून मागे ढकलले जाते, कारण चिकटलेल्या रेणूंनाही सुटून जाण्याइतकी ऊर्जा वारंवार मिळू लागते. त्यामुळे ९० अंशांना समतोल लवकर साधतो, पण त्या समतोलात पाण्यात उरलेला रंग जास्त असतो. अनुभवी रंगारी आधी तापवून रंग सर्वत्र सारखा बसवतो आणि मग पाणी निवू देऊन उरलेला रंग कापडावर ओढून घेतो. घाई आणि बचत यांचा हा समझोता आहे. १९५६ मध्ये इम्पिरियल केमिकल इंडस्ट्रीज या ब्रिटिश कंपनीने बाजारात आणलेल्या प्रोसिऑन रंगांनी यात नवी भर घातली, कारण हे रंग सेल्युलोजशी रासायनिक बंधाने जोडले जातात. त्यांच्या अधिक क्रियाशील जातीला ३० ते ४० अंश पुरतात, मंद जातीला ८० च्या आसपास तापमान लागते. मात्र ज्या रासायनिक क्रियेने रंग सेल्युलोजला जोडला जातो त्याच प्रकारच्या क्रियेने तो पाण्याच्या रेणूलाही जोडला जातो, आणि असा वाया गेलेला रंग पुढे सांडपाण्यात दिसतो. रंगांच्या रसायनशास्त्राचा मुंबईत पाया घातला गेला तो १९३३ मध्ये सुरू झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात. त्याचे संचालक आणि पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झालेले के. वेंकटरामन यांचा कृत्रिम रंगांवरील बृहद्ग्रंथ जगभर वापरला गेला.

चिकटण्याची क्रिया थंडीत सरस ठरते याचे टोकाचे उदाहरण मर्सराइझिंगचे आहे. जॉन मर्सर या लँकशरच्या रंगाऱ्याला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात असे आढळले की तीव्र कॉस्टिक सोड्यात सुती कापड फुगते आणि रंग चांगला धरू लागते. या फुगण्यात उष्णता बाहेर पडते, म्हणून द्रावण जितके थंड तितके तंतू अधिक फुगतात, आणि फुगताना सुटणारी उष्णताच द्रावण तापवून क्रियेला खीळ घालते. लँकशरच्या हवेत ही अडचण सौम्य असेल. मुंबईच्या उन्हाळ्यात द्रावण शीतयंत्राने सतत थंड करावे लागते.

टेरीकॉटचे, म्हणजे पॉलिएस्टर आणि सूत यांच्या मिश्र कापडाचे, दिवस आले तेव्हा गिरण्यांना तापमान दुसऱ्या टोकाला न्यावे लागले. पॉलिएस्टर स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्काही पाणी धरत नाही, आणि त्याच्या साखळ्या ७०-८० अंशांपर्यंत जागच्या जागी जखडलेल्या असतात. त्यावर गेल्यानंतर त्या हलू लागतात आणि त्यांच्यामधील क्षणिक फटींतून रंगाचे रेणू आत शिरतात. व्यवहारात हे पुरेशा वेगाने व्हायला १३० अंश लागतात. उघड्या भांड्यात पाणी तेथवर जाऊच शकत नाही, म्हणून बंद यंत्रात वातावरणाच्या पावणेतीन पट दाबाखाली ते द्रवरूपात राखावे लागते. दाब एकाएकी सोडला तर त्याच पाण्याचा काही भाग क्षणार्धात उसळून वाफ होतो, म्हणून अशी यंत्रे निवल्याखेरीज उघडत नाहीत.

उष्णतेने पाणी सगळ्याच पाहुण्यांना सारखे सामावून घेत नाही. ३० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळलेला असतो, ० अंशांना याच्या जवळपास दुप्पट, आणि उकळत्या पाण्यात जवळजवळ काहीच नाही. बॉयलरमध्ये सुटलेला हा ऑक्सिजन लोखंडाला खड्डे पाडतो. विहिरीच्या जड पाण्यातील कॅल्शियमचे क्षारही तापताना नळ्यांवर थर धरतात. १८९२ पासून मुंबईला मिळू लागलेले तानसाचे पावसाळी पाणी या बाबतीत बरेच मृदू होते.

वाफेच्या इंजिनांच्या काळात इंजिनातून बाहेर पडलेली वाफ थंड करण्यासाठी लागणारे पाणी गिरणीच्या आवारातील तळ्यात साठवलेले असे आणि तेच फिरून वापरले जाई. तळ्यातील पाणी निवत असे ते मुख्यतः पृष्ठभागावरून उडणाऱ्या रेणूंमुळे: शंभर लिटरपैकी एक लिटर उडून गेले, तर उरलेले जवळजवळ सहा अंशांनी थंड होते. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद झाल्या आणि त्यांच्या जागी कार्यालये उभी राहिली. अशा मोठ्या वातानुकूलित इमारतींत तळ्याचे काम शीतक मनोरे करतात, ज्यांत गरम पाणी वरून शिंपडून त्यातून हवा खेचली जाते. त्यांनाही मर्यादा आहे ती ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाने दाखवलेल्या तापमानाची, कारण तेथे पाणी सोडून जाणाऱ्या रेणूंनी नेलेली उष्णता आणि हवेकडून मिळणारी उष्णता सारखी होते. हवा ३० अंशांची आणि आर्द्रता ४० टक्के असेल, तर ही मर्यादा २० अंशांच्या आसपास असते. पावसाळ्यात तीच हवा ८० टक्के दमट असली की ती २७ अंशांवर येते, आणि मनोरा कितीही मोठा बांधला तरी त्यातले पाणी त्याखाली उतरत नाही.